पन्नास डॉलरचे न चाललेले नाणे

तुमच्या घरी आजीची पुतळ्यांची माळ असेल, तर ती एकदा हातात घेऊन पाहा. पुतळी हा आज दागिना आहे, पण मुळात ते एक नाणे होते. व्हेनिस नावाच्या दूरच्या शहरात ते पडत असे. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ते आपल्या किनाऱ्याला लागले, त्यावरची उभी माणसे पाहून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले आणि बायकांनी ते गळ्यात घातले. पुढे सोनार तशाच पुतळ्या घडवू लागले. म्हणजे नाणे चालायचे थांबले, तरी त्याची गोष्ट थांबली नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका सोन्याच्या नाण्याची गोष्ट सांगणार आहे. मात्र हे नाणे चालायचे थांबले असे म्हणता येत नाही, कारण ते कधी चाललेच नाही. त्याने बाजार पाहिला नाही, कोणा वाण्याच्या गल्ल्यात ते पडले नाही, कोणा मजुराच्या कनवटीला ते लागले नाही. सोन्यात त्याचे दोनच नग निघाले. पण त्या दोन नगांवरून एका मोठ्या देशात असा वाद माजला, की जे सरकारने घडवले ते कोणाचे, हा प्रश्नच चव्हाट्यावर आला. हे नाणे अमेरिकेचे, पन्नास डॉलरचे, साल १८७७.

आधी नमुन्याचे नाणे म्हणजे काय, ते पाहू या. लग्नाची पत्रिका छापायला दिली, की छापखानेवाला सगळ्या प्रती एकदम काढीत नाही. आधी एक प्रत आणून दाखवतो. मामाचे नाव राहिले का, तिथी बरोबर आहे का, हे आपण पाहतो आणि मग होकार देतो. टांकसाळीतही तसेच चालते. नवे नाणे काढायचे असले, की कोरीव काम करणारा कारागीर पोलादाचे ठसे तयार करतो. त्या ठशांखाली थोड्या चकत्या दाबून नमुने काढतात. पुष्कळदा हे नमुने तांब्यासारख्या स्वस्त धातूतही काढतात. वरिष्ठ ते पाहतात. पसंत पडले तर नाणे सुरू होते, नाही पडले तर नमुने बहुधा वितळवले जातात. म्हणून नमुन्याचे नाणे दुर्मिळ असते. ते राहते ते कोणाच्या तरी नजरचुकीने, नाही तर कोणाच्या तरी हौसेने.

आता हे पन्नास डॉलरचे नाणे काढावे असे मनात तरी का आले, ते सांगतो. त्यासाठी आपल्याला कॅलिफोर्नियात जायला हवे. २४ जानेवारी १८४८ रोजी तेथे जेम्स मार्शल नावाच्या एका सुताराला लाकूड कापण्याच्या गिरणीसाठी खणलेल्या पाण्याच्या पाटात सोन्याचे कण सापडले. बातमी फुटली आणि जगभरातून माणसे तिकडे धावली. थोड्याच दिवसांत तेथे सोने उदंड झाले, पण नाणे मिळेना! काय चमत्कारिक अवस्था पाहा. खिशात सोन्याची भुकटी आहे आणि भाकरी घ्यायला सुटे नाहीत. दुकानदार चिमटीने भुकटी उचलून तीच किंमत म्हणून घेई. ज्याची बोटे जाड, त्याचा नफा जास्त! टांकसाळ होती ती हजारो मैलांवर, पूर्वेला फिलाडेल्फियात. सोने तेथे पाठवायचे, तर जहाजाने कित्येक आठवड्यांचा प्रवास.

तेव्हा सरकारने ऑगस्टस हंबर्ट नावाच्या एका जाणकाराला सोन्याचा कस पाहणारा अधिकारी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला धाडले. १८५१ साली त्याने पन्नास डॉलरचे आठ कोनांचे जाडजूड तुकडे पाडायला सुरुवात केली. लोक त्यांना ‘स्लग’ म्हणत. स्लग म्हणजे धातूचा गोळा. दिसायला ओबडधोबड, पण सोने चोख आणि हिशेबाला सोपे. मोठ्या व्यवहारांत ते चालले. पुढे १८५४ साली सॅन फ्रान्सिस्कोतच सरकारी टांकसाळ उघडली आणि या तुकड्यांची गरज सरली.

तरी मोठ्या नाण्याची कल्पना मागे राहिलीच. अमेरिकेत दहा डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला ‘ईगल’ म्हणत, म्हणजे गरुड. १८४९ च्या कायद्याने वीस डॉलरचे नाणे आले, तो ‘डबल ईगल’. १८५४ साली कॅलिफोर्नियाचे सिनेटर विल्यम ग्विन यांनी प्रस्ताव मांडला, की याहून मोठी नाणी पाडावीत. शंभर डॉलरचे ‘युनियन’, पन्नासाचे ‘हाफ युनियन’ आणि पंचविसाचे ‘क्वार्टर युनियन’. वरिष्ठ सभागृहात प्रस्तावाला मान्यता मिळाली, पण खालच्या सभागृहात तो अडला आणि बारगळला.

त्यानंतर वीसबावीस वर्षे गेली. १८७७ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पुन्हा ते मनावर घेतले गेले. टांकसाळींचे संचालक तेव्हा हेन्री लिंडरमन हे होते आणि मुख्य कोरीवकार विल्यम बार्बर. लिंडरमन हे स्वतः नाण्यांचे शौकीन संग्राहक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. बार्बर यांनी हाफ युनियनचे ठसे कोरले. एका अंगाला स्वातंत्र्यदेवतेचे मुख, कपाळावर मुकुटासारखी पट्टी आणि त्या पट्टीवर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द. भोवती तेरा तारे, मूळच्या तेरा राज्यांचे. दुसऱ्या अंगाला पंख पसरलेला गरुड आणि खाली ‘पन्नास डॉलर’. वीस डॉलरच्या नाण्याचाच हा थोरला भाऊ म्हणायचा. दोन प्रकारचे ठसे झाले. एकात देवीचे मस्तक मोठे, एकात थोडे लहान. प्रत्येकाचा एक नग सोन्यात पाडला. तांब्यातही काही पाडले, त्यांतल्या काहींना सोन्याचा मुलामाही दिला.

गुरुजी, आता फळ्यावर एक वर्तुळ काढा. व्यास दोन इंच. एवढे ते नाणे. वजन सुमारे ८३.६ ग्रॅम, म्हणजे आपल्या सात तोळ्यांहून थोडे जास्तच. हजारात नऊशे भाग सोने आणि उरलेले तांबे, कारण निव्वळ सोने मऊ असते, हाताळून झिजते. आपल्याकडे गिनी पुष्कळांना माहीत आहे. ती आठ ग्रॅमची. साडेदहा गिन्या तराजूच्या एका पारड्यात टाकाव्यात आणि दुसऱ्यात हे एकच नाणे ठेवावे, तर काटा मधोमध राहील.

मग एवढे देखणे नाणे चालू का झाले नाही? त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत, कारण ती साध्या व्यवहारातली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ते कोणाच्या कामाचे होते? तेव्हाच्या अमेरिकेत साधा मजूर दिवसाला दीड डॉलरच्या आतबाहेर मिळवी. पन्नास डॉलर म्हणजे त्याची महिनाभराहून अधिक मजुरी. एवढे नाणे घेऊन तो बाजारात गेला, तर मोड कोण देणार? आणि ते सालही कसे होते ते पाहा. १८७३ पासून व्यापारात मंदी होती. १८७७ च्या जुलैत रेल्वे कंपन्यांनी मजुरी कापली म्हणून कामगारांनी ठिकठिकाणी गाड्या रोखल्या, दंगली झाल्या, सैन्य बोलवावे लागले. एकीकडे मजूर दहा टक्के कपातीसाठी रस्त्यावर आणि दुसरीकडे टांकसाळीत सात तोळ्यांच्या नाण्याचा नमुना. एकाच देशाची, एकाच वर्षाची ही दोन चित्रे आहेत. इतिहास शिकवताना ती शेजारी शेजारी ठेवावीत.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठी रक्कम देण्याघेण्याला दुसरी सोय झालेली होती. सोने तिजोरीत ठेवून त्याची सरकारी पावती मिळे. ती पावती नोटेसारखी हातोहात चाले. परदेशी पाठवायचे तर सोन्याच्या विटा होत्या, बँकांच्या हुंड्या होत्या. मग जड नाण्यांच्या थैल्या कोण वाहणार?

तिसरी गोष्ट लबाडीची. नाणे जेवढे जाड, तेवढी चोराची सोय. काही लोक सोन्याचे नाणे कडेने अलगद कापत, आतले सोने काढून घेत, त्या पोकळीत प्लॅटिनम भरत आणि कडा पुन्हा जोडत. आज प्लॅटिनम म्हटले की किमती धातू वाटतो, पण त्या काळी तो सोन्याहून बराच स्वस्त होता आणि वजनाला भारी. त्यामुळे तराजूही फसे. वीस डॉलरच्या नाण्यांत हा उद्योग झालेला होता. पन्नासाच्या नाण्यात तर एका फटक्यात केवढी कमाई!

असे हे नाणे नमुन्यावरच राहिले. कायदा झाला नाही, ठसे पडून राहिले. शिरस्त्याप्रमाणे त्या दोन सोन्याच्या नगांची वाट मुशीकडेच होती. पण ते मुशीत गेले नाहीत.

येथे ए. लाउडन स्नोडेन यांचे नाव येते. टांकसाळीत ते मुख्य नाणेकार होते आणि १८७९ साली तेथले अधीक्षक झाले. त्यांच्या बाजूने पुढे सांगितले गेले ते असे, की ही दोन नाणी वितळली जाणार हे पाहून त्यांनी त्यांतल्या सोन्याची किंमत भरली आणि ती आपल्याकडे घेतली. त्या काळी टांकसाळीतले अधिकारी संग्राहकांना नमुने देत, विकत, अदलाबदल करीत. उघड गुपितच होते ते. त्याला कोणी चोरी म्हणत नसे, पण ते रीतसर होते असेही कोणी छातीठोकपणे म्हणत नसे.

तीस वर्षे ती दोन नाणी कोणाच्या नजरेस पडली नाहीत. दृष्टीआड सृष्टी. मग १९०९ साली नाण्यांच्या व्यापारात एकच गडबड उडाली. हॅसेल्टाइन आणि नॅगी या फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी ती दोन्ही नाणी विल्यम वुडिन नावाच्या एका धनिकाला विकली. किंमत? एकेकाला दहा हजार डॉलर. पोरांना हिशेब घाला: वीस डॉलरची किती नाणी दिली म्हणजे दहा हजार होतील? पाचशे. म्हणजे एका नाण्यासाठी पाचशे डबल ईगल मोजले. एका नाण्याला एवढी किंमत तेव्हा कोणी ऐकली नव्हती.

किंमत वर्तमानपत्रांत आली आणि सरकारचे कान टवकारले. टांकसाळीने विचारले, ही नाणी बाहेर गेलीच कशी? सरकारचे म्हणणे असे: नाणे जेव्हा रीतसर बाहेर काढले जाते, तेव्हाच ते लोकांचे होते. जे कधी बाहेर काढलेच नाही, ते टांकसाळीच्या कपाटातले सामान. ते सरकारचे, म्हणजे साऱ्या जनतेचे. एखाद्या अधिकाऱ्याने त्यातल्या सोन्याचे दाम भरले, म्हणून ते त्याचे होत नाही.

संग्राहकांचे म्हणणे निराळे. तुम्ही तर ती वितळवणार होता. ज्याने वाचवली त्यालाच आता चोर ठरवता? आणि इतकी वर्षे तुमचेच अधिकारी नमुने वाटत होते, तेव्हा तुम्ही कोठे होता?

वाचकहो, क्षणभर थांबा आणि तुम्ही पंच असता तर काय निवाडा दिला असता, ते मनाशी ठरवा. हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. गावच्या चावडीतले जुने दप्तर रद्दीत निघाले आणि त्यातला एखादा कागद कोणी मास्तरांनी उचलून घरी जपून ठेवला, तर तो कागद कोणाचा? उचलला नसता तर वाळवीने खाल्ला असता, हे खरे. पण तो गावाचा होता, हेही खरेच. माझ्या मते यातली कोणतीही एक बाजू उचलून दुसरी फेकून देता येत नाही. नियम पाळला असता, तर पुरावा मेला असता. नियम मोडला म्हणून पुरावा जगला, पण तो ज्यांचा होता त्यांच्यापासून तीस वर्षे दूर राहिला. त्या तीस वर्षांत तो कोणाला पाहता आला नाही, त्यावर कोणाला काही लिहिता आले नाही. आणि शेवटी तो उजेडात आला तो बाजारभावाच्या वाटेने, अभ्यासाच्या वाटेने नव्हे.

अखेर १९१० साली तडजोड झाली. दोन्ही सोन्याची नाणी टांकसाळीला परत गेली. त्यांच्या बदल्यात टांकसाळीत पडून असलेली इतर जुन्या नमुन्यांची नाणी, पेट्या भरून, देण्यात आली आणि ती वुडिन यांच्याकडे पोहोचली. दोन गेली आणि ढीग आला! सरकारने एका हाताने ‘नमुने आमचे’ म्हटले आणि दुसऱ्या हाताने नमुन्यांची रास देऊन टाकली. यात तर्क शोधू नका. तडजोडीला तर्क नसतो, ती भांडण मिटवायला असते.

पण या ढिगातून एक चांगली गोष्ट निघाली. वुडिन नुसते हौशी धनिक नव्हते. त्यांनी एडगर अॅडम्स या अभ्यासकाबरोबर बसून अमेरिकेच्या नमुना नाण्यांची सविस्तर यादी केली आणि १९१३ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आजवर जे कपाटांत आणि पेट्यांत विखुरले होते, त्याची एका ठिकाणी नोंद झाली. आणि ती दोन नाणी? टांकसाळीचा संग्रह १९२३ साली वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे गेला, त्याबरोबर तीही गेली. ती तेथल्या राष्ट्रीय नाणेसंग्रहात आहेत. विकत घेण्याची सोय नाही, कारण सोन्यातली तेवढी दोनच आणि दोन्ही जनतेची.

गोष्ट येथे संपायला हरकत नव्हती. पण इतिहास कधी कधी असा काही फेरा घेतो, की कादंबरीकाराने लिहिले तर आपण विश्वास ठेवणार नाही. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष झाले. बँका पटापट बुडत होत्या, लोक सोने काढून घरात पुरत होते. रूझवेल्ट यांचे अर्थमंत्री कोण, तर हेच विल्यम वुडिन! ५ एप्रिल १९३३ रोजी अध्यक्षांचा हुकूम निघाला, की लोकांनी आपल्याजवळचे सोन्याचे नाणे, विटा आणि सोन्याच्या पावत्या १ मेपर्यंत बँकेत जमा कराव्यात. न करणाराला दहा हजार डॉलरपर्यंत दंड, नाही तर दहा वर्षांपर्यंत कैद. मात्र हुकुमात एक सवलत होती: दुर्मिळ आणि वेगळी म्हणून संग्राहकांच्या लेखी खास मोल असलेली नाणी ठेवायला हरकत नाही. ही सवलत वुडिन यांच्यामुळेच आली, असे अमेरिकेतले संग्राहक मानतात. ज्याच्या हातून सरकारने दोन नाणी सोडवून घेतली होती, तोच सरकार होऊन बसला आणि बाकीच्यांची नाणी मुशीतून वाचली. वुडिन त्याच वर्षाअखेर प्रकृतीच्या कारणाने पायउतार झाले आणि १९३४ च्या मे महिन्यात वारले.

सोन्यावर सरकारचा हात पडला म्हणजे काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनीही पाहिले. १९६३ च्या जानेवारीत आपल्याकडे सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरटांहून अधिक कसाचे दागिने घडवायला मनाई झाली आणि गावोगावच्या सोनारांच्या भात्या थंडावल्या. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. अमेरिकेतली बंदीही १९७४ च्या अखेरीपर्यंत टिकली होती.

जाता जाता त्या ‘पन्नास’ या आकड्याचे पुढे काय झाले, तेही सांगतो. १९१५ साली पनामा कालव्याच्या आनंदार्थ सॅन फ्रान्सिस्कोत मोठे प्रदर्शन भरले. तेव्हा टांकसाळीने पन्नास डॉलरचे सोन्याचे नाणे खरोखरच काढले, गोल आणि अष्टकोनी अशा दोन आकारांत. अष्टकोनी आकार हे जुन्या स्लगचे स्मरण. विक्रीची किंमत शंभर डॉलर. खपली किती? गोल ४८३ आणि अष्टकोनी ६४५. बाकीची परत मुशीत! पुढे १९८६ पासून अमेरिकेने पुन्हा पन्नास डॉलर छापलेले सोन्याचे नाणे काढले. पण त्यात सोने किती, तर एक औंस. १८७७ च्या नमुन्यात होते सुमारे दोन औंस आणि चार दशांश. दोन्हींवर आकडा पन्नासच. म्हणजे सोने होते तेथेच राहिले, डॉलर मात्र हलका झाला. १९८६ चे ते एक औंसाचे नाणे पन्नास डॉलरला कधी मिळालेच नाही, त्याला शेकडो डॉलर मोजावे लागले. महागाई म्हणजे काय, हे मुलांना समजावायला याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

गुरुजी, तुमच्याकडे एक मागणे आहे. पुढच्या शनिवारी मुलांना घरची जुनी नाणी आणायला सांगा. भोकाचा पैसा, आणा, चवली, पावली, जे असेल ते. विकायला नव्हे, पाहायला. एका वहीत लिहून ठेवा: नाण्यावर साल कोणते, धातू कोणता, कोणाच्या घरी कसे आले. आणि नाणे ज्याचे त्याला परत द्या. मुलाच्या आजोबांचे नाणे आजोबांच्याच पेटीत राहील, पण त्याची नोंद साऱ्या गावाची होईल. फिलाडेल्फियाच्या त्या टांकसाळीत १८७७ साली कोणी अशी एक साधी वही ठेवली असती, काय पाडले, किती पाडले, कोणाला दिले हे त्यात लिहिले असते, तर तीस वर्षांनी एवढा वाद कशाला झाला असता?

वही दोन आण्यांची असो की वीस रुपयांची, ती आजच घाला.